नववीच्या वर्गासाठी लॅपटॉप घेताना

2025 साली गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग जूनची वाट न बघता 7 एप्रिललाच सुरू झाले. माझी मुलगी तेव्हा नववीत गेली. पहिल्याच आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेचं पत्रक आलं. मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा भरेल तेव्हा नववीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप असलाच पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. खाली रॅम किती, डिस्क किती याच्या दोन ओळी आणि एका दुकानाचं नाव. त्या दुकानात शाळेच्या मुलांसाठी ठरलेला दर होता 38,000 रुपये. लॅपटॉप कशासाठी लागणार, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं.

शाळा डिचोली तालुक्यातली, अनुदानित. आमच्या भागात 38,000 हा आकडा काय असतो ते सांगायला हवं. 2012 साली इथल्या घरांचा आधार असलेल्या लोखंडाच्या खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सगळे परवाने रद्द होऊन पुन्हा बंद पडल्या. आता कुठे एखाददुसरी सुरू झाली आहे. या वर्गातल्या मुलांची सगळी शाळा त्याच काळात गेली. कुणाच्या बापाने कर्ज काढून घेतलेला टिपर दारात गंजून गेला, कुणी औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागला, कुणाची आई दुसऱ्याच्या कुळागरात सुपारी वेचायला जाते. अर्थात सरकारी नोकरीतली, दोन पगारांची घरंही वर्गात आहेत. त्या पत्रकावर ग्रुपमध्ये पहिल्या दहा मिनिटांत जे अंगठे उमटले ते त्याच घरांचे होते. बाकीचे गप्प होते.

लॅपटॉपला माझा विरोध नव्हता. 2002 च्या सुमारास मनोहर पर्रीकरांच्या सरकारने सायबरएज योजना आणली आणि अकरावीतल्या मुलांच्या घरी संगणक आले. त्यातलाच एक माझ्या घरी आला. काचेचा जाडजूड पडदा, खाली खोका, आणि पावसात वीज गेली की सगळंच बंद. त्या संगणकावर मी हिशेबाचे तक्ते मांडायला शिकले आणि आज साखळी गावातल्या एका पतसंस्थेत त्याच कामावर माझं घर चालतं. पण तो संगणक आमच्या वर्गातल्या ट्रकमालकाच्या मुलाला मिळाला तसाच रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या मुलीलाही मिळाला. सक्ती कुणावर नव्हती, पण कुणी वगळलाही गेला नव्हता. आताच्या पत्रकात सक्ती होती आणि खरेदीचा सगळा भार घरावर होता. आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत असावं हे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. नववीत आलेल्या मुलाला त्याचाही आधार उरत नाही.

मी पालक-शिक्षक संघाच्या समितीवर आहे. हेडमास्तरांकडे सभेची मागणी लेखी दिली, चार-पाच पालकांच्या सह्या घेऊन. सभेच्या आदल्या संध्याकाळी मुलीच्या मैत्रिणीची आई घरी आली. चहा घेतला नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. "आमच्यान जावचें ना, बाय," ती म्हणाली, "पूण म्हज्या चेडवाक कळूंक नाका." जमणार नाही, हे मुलीला कळू नये, एवढीच तिची विनंती होती. शाळा सोडवून मुलीला दुसरीकडे घालायचा विचार त्यांच्या घरात सुरू झाला होता. नंतर मी जे जे केलं, ते या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून केलं. लॅपटॉप यायचाच असेल तर तो असा यावा की वर्गात कुणाला कुणाच्या घरची परिस्थिती दिसू नये.

सभेत आम्ही एकच प्रश्न धरून ठेवला: कशासाठी? संगणकाचे सर तरुण आहेत, मनापासून शिकवतात. सहावी ते आठवी त्यांनीच मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवलं. राज्य सरकारने 2021 पासून आणलेल्या केअर्स योजनेत हे तीन वर्ग येतात. आमच्या मुलीने स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या साधनात, लहान लहान खेळ केले ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर, एका संगणकावर तीन मुलं बसून. सरांचं म्हणणं रास्त होतं. तीन मुलांत एक जण टंकतो, दोघं बघतात. आणि बघणाऱ्या बहुतेक मुलीच असतात. नववीत त्यांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची होती. गणिताच्या टीचरना भूमितीच्या आकृत्या हलवून दाखवणारं जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर वापरायचं होतं, विज्ञानाच्या टीचरना प्रयोगांच्या नोंदींवरून आलेख काढून घ्यायचे होते. हे ऐकल्यावर सभेतला ताण पुष्कळ उतरला. एवढं पत्रकातच लिहिलं असतं तर निम्म्या घरांतलं भांडण टळलं असतं.

मग आम्ही म्हटलं, हे सगळं विषयवार आणि तासवार कागदावर द्या. आठवड्याला किती तास, कुठली सॉफ्टवेअर, इंटरनेट लागणार की नाही, रोज आणायचा की ठरलेल्या दिवशी. तो कागद आला तेव्हा कळलं की सगळं मिळून आठवड्याचे जेमतेम सहा तास होतात आणि त्यातल्या एकाही कामाला 38,000 चं नवं यंत्र लागत नाही. पायथन, जिओजेब्रा, लिखाण आणि तक्त्यांसाठीचं लिब्रेऑफिस हे सगळं फुकट मिळतं आणि साध्या यंत्रावर व्यवस्थित चालतं. कुठल्याही शाळेतल्या पालकांना माझं सांगणं आहे, दुकानात जाण्याआधी हा कागद मागा. तो मिळेपर्यंत एक रुपया खर्च करू नका.

"जगभर शाळांत लॅपटॉप आहेत," असं एक पालक सभेत म्हणाले होते. ते खोटं नाही, म्हणून जगभर काय झालं ते मी वाचून काढलं आणि पुढच्या सभेत मांडलं. मुलांकडे स्वतःचा लॅपटॉप असलाच पाहिजे असा नियम करणारी जगातली अगदी पहिली शाळा ऑस्ट्रेलियात मेलबर्नची, मेथडिस्ट लेडीज कॉलेज, साल 1990. ती मुलींची खाजगी शाळा. पालकांना परवडत होतं. अमेरिकेतल्या मेन राज्याने 2002 मध्ये सरकारी शाळांतल्या सातवीच्या सगळ्या मुलांना लॅपटॉप दिले, पुढच्या वर्षी आठवीला. तिथे गव्हर्नर एंगस किंग यांनी ते राज्याच्या पैशातून दिले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावरही खर्च केला. पेरू देशाने गरीब खेड्यांतल्या मुलांना लाखोंनी लहान हिरवे लॅपटॉप वाटले. 2012 साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या 319 शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तर गणितात आणि भाषेत मुलांची काहीच प्रगती दिसली नाही. यंत्र पोचलं होतं, शिकवण्यात काही बदललं नव्हतं. तेच हिरवे लॅपटॉप भारतात प्रथम आले ते 2007 मध्ये, आणि कुठे, तर रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्यावर, एकशिक्षकी मराठी शाळेत. हे वाचताना मला भरून आलं. आपल्या भाषेत शिकणाऱ्या वाडीवरच्या वीस-बावीस मुलांपर्यंत ते यंत्र कुणीतरी पोचवलं होतं, आणि त्यासाठी त्यांच्या आईबापांना दुकानाची पायरी चढावी लागली नव्हती.

यानंतर हेडमास्तरांनी दुकानाचं नाव मागे घेतलं आणि खरेदीचं काम पालक-शिक्षक संघाकडे सोपवलं. वर्गशिक्षिकेने प्रत्येक मुलाकडे बंद पाकिटातून एक चिठ्ठी दिली: घरी लॅपटॉप आहे का, असल्यास कोणता, नसल्यास किती पैसे जमतील. नाव लिहायचं, पण पाकीट फक्त त्या उघडणार. चाळीसेक मुलांच्या वर्गात तिसरा हिस्सा घरांत काही ना काही यंत्र होतं, बहुतेक मोठ्या भावंडाचं. बाकीच्या घरांत फक्त मोबाइल. 2020 मध्ये सत्तरी-सांग्यातली मुलं मोबाइलची रेंज शोधत डोंगरावर चढून बसायची, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. आमच्या वाड्यावरही मुलं देवळाच्या मागच्या चढावर जायची. ती घरं अजून तिथेच आहेत.

आम्ही वापरून दुरुस्त केलेले लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून यंत्रं काढून टाकतात, व्यापारी ती साफ करून, हवे ते भाग बदलून विकतात. पणजी आणि म्हापशाच्या दुकानांत फिरताना कळलं की इथे फार डोळे उघडे ठेवावे लागतात. विक्रेता सांगतो, "आय-फाइव्ह आहे, घ्या." पण हा आय-फाइव्ह प्रोसेसर कितव्या पिढीचा हे विचारायला हवं. पुढच्या आकड्यावरून ते कळतं: 6300 असेल तर सहावी पिढी, 8350 असेल तर आठवी. विंडोज 11 साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज 10 ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवणार हे आधीच जाहीर होतं. म्हणजे जूनमध्ये घेतलेलं सहाव्या पिढीचं यंत्र चार महिन्यांत उघडं पडणार. बाजारात तीच यंत्रं ढिगाने आणि स्वस्त होती. ती का स्वस्त आहेत ते कुणी आपणहून सांगत नव्हतं.

दुसरी गोष्ट बॅटरी. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी नावाची एक छोटी आज्ञा देऊन बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण चार्ज केल्यावर भरते ती क्षमता, दोन्ही आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलून मागायची. आमच्यासाठी हे फार महत्त्वाचं होतं, कारण नववीच्या वर्गात भिंतीवर विजेचे दोनच पॉइंट आहेत. चाळीस मुलांच्या वायरी कुठे लावणार? बॅटरी तीन तास टिकलीच पाहिजे अशी अट आम्ही व्यापाऱ्याला लेखी घातली. बिजागऱ्या उघडून-मिटून बघितल्या, कळफलकावरची प्रत्येक कळ दाबून बघितली, 8 जीबी रॅम आणि 256 जीबीची एसएसडी आहे ना ते यंत्र सुरू करून तपासलं. जीएसटीचं बिल आणि एक वर्षाची लेखी हमी जो देईल त्याच्याकडेच जायचं असं ठरलं होतं. शेवटी आठव्या पिढीचं, चौदा इंची, एकाच मॉडेलचं यंत्र 17,500 ला मिळालं. एकगठ्ठा मागणीमुळे दरात बरीच सूट मिळाली.

मॉडेल एकच हवं हा माझा हट्ट होता आणि त्यावर समितीत वाद झाला. ज्यांची ऐपत आहे त्यांना चांगलं घेऊ द्या, असं काहींचं म्हणणं. मी त्या बाईचं नाव न घेता तिची गोष्ट सांगितली. पैशांची सोय तीन प्रकारांनी होणार होती: काही घरं रोख देणार, काही पतसंस्थेतून हप्त्याने घेणार, आणि काहींना संघ आपल्या मालकीचं यंत्र दहावी संपेपर्यंत वापरायला देणार. सगळी यंत्रं एकसारखी असली, सगळ्यांवर शाळेचा सारखाच क्रमांक असला, तर कुठलं रोखीचं, कुठलं हप्त्याचं आणि कुठलं संघाचं हे वर्गात कुणालाच कळणार नाही. वाटपही सगळ्यांचं एकाच दिवशी, एकाच टेबलावरून. हे मान्य झालं.

हप्ता महिन्याला 1,500 ठेवला. गृहिणींसाठीच्या राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे 1,500 रुपये अनेक आयांच्या खात्यात येतात, त्यातून तो परस्पर भागला. संघाच्या यंत्रांसाठी माजी विद्यार्थ्यांनी पैसे उभे केले. त्यात आखातात काम करणारे होते, तसे इथले दुकानदार आणि सरकारी कदंब बसचे एक निवृत्त चालकही होते. मैत्रिणीच्या आईने संघाचं यंत्र घेतलं नाही. हप्त्याने घेते म्हणाली, आणि घेतलं.

ज्यांच्या घरी आधीच जुनी यंत्रं होती त्यांनाही नवीन घ्यायला लावणं बरोबर नव्हतं. त्या यंत्रांवर संगणकाच्या सरांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली बसवून दिली. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं त्यावर सुरेख चालतात, पायथन आणि जिओजेब्राही चालतं. गोव्याला हे नवीन नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या गोंयकारांनी वापरलेले संगणक जमवून इथल्या शाळांसाठी पाठवले होते, तेव्हाही त्यांवर लिनक्सच चढवलं गेलं होतं.

मग एका रविवारी शाळेच्या सभागृहात मुलं आणि पालक एकत्र बसले. प्रत्येक यंत्रावर दोन खाती केली, मुलाचं साधं आणि पालकांचं नियंत्रणाचं, म्हणजे नवीन काही बसवायचं तर घरच्यांना विचारावं लागेल. पासवर्ड कागदावर लिहून आईकडे. जिओजेब्रा आणि पायथन आधीच उतरवून ठेवलं, कारण निम्म्या घरांत मोबाइलच्या डेटाशिवाय इंटरनेट नाही. धडे सर पेनड्राइव्हवर देतात.

त्या दिवशी मी स्वतः एक काम अंगावर घेतलं होतं, ते म्हणजे मराठी कळफलक. आमची बहुतेक मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात आली. लॅपटॉप उघडला की त्यात सगळं इंग्रजी. मराठी लिहायची वेळ आली की ती रोमन अक्षरांत लिहितात, कारण दुसरा मार्ग कुणी दाखवलेला नसतो. विंडोज 11 मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, उच्चारांवरून टंकायचा फोनेटिकही मिळतो. मी मुलांना इनस्क्रिप्ट शिकवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची मांडणी आहे. एकदा बोटांत बसली की खाली बघावं लागत नाही. पंधरवड्यात काही मुलं माझ्यापेक्षा भराभर टंकू लागली. माझ्या मुलीने पहिलं मोठं लिखाण केलं ते आजीच्या धालोच्या, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याच्या गाण्यांचं. आजी म्हणत होती, ती टंकत होती, आणि एखादा शब्द अडला की दोघी मागे जाऊन पुन्हा म्हणत होत्या. ती गाणी आमच्या घरात आजवर कधी कागदावर आली नव्हती.

जून आला आणि पाऊस सुरू झाला. इथल्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर यंत्राचं काय होणार ही भीती सगळ्यांनाच होती. प्रत्येक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, आणि रोज थोडा वेळ यंत्र चालू ठेवायचं असं मुलांना सांगितलं, म्हणजे आतला दमटपणा निघतो. विजेचा दाब कमी-जास्त होतो तेव्हा चार्जर काढून ठेवायचा. दप्तराच्या वजनाचा मुद्दाही होता. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये. माझी मुलगी 42 किलोची, म्हणजे सव्वाचार किलो. त्यात चार्जरसकट लॅपटॉपच दोन किलोच्या घरात जातो. म्हणून सहाचे सहा तास दोन दिवसांत बसवले आणि त्या दोन दिवशी बाकीची जाड पुस्तकं आणायची नाहीत असा नियम झाला. कदंबाच्या गर्दीत उभं राहून येणाऱ्या मुलांना त्याने मोठा दिलासा मिळाला.

वह्या मात्र तशाच राहिल्या, आणि त्या राहाव्यात असा आमचा आग्रह होता. गोवा बोर्डाची दहावीची परीक्षा मुलांनी हातानेच लिहायची आहे. न थांबता लिहायचा सराव हातालाच व्हावा लागतो.

वर्गात फरक पडला का? सगळ्या विषयांत नाही. गणिताच्या टीचरनी जिओजेब्रा मनापासून वापरला. वर्तुळाला स्पर्शिका काढून स्पर्शबिंदू हलवला तरी तिचा त्रिज्येशी होणारा कोन तसाच काटकोन राहतो, हे मुलीने मला रात्री दाखवलं तेव्हा मलाच ते पहिल्यांदा नीट समजलं. विज्ञानात मुलांनी शाळेच्या गच्चीवर बाटलीचा पर्जन्यमापक करून रोजचा पाऊस नोंदवला आणि वेधशाळेच्या वाळपईच्या आकड्यांशेजारी तक्त्यात मांडला. दोन विषयांचे तास मात्र पडद्यावर धडा वाचण्यातच गेले. तो धडा पुस्तकातही आहे. त्या तासांना लॅपटॉप आणू नये असं मी हेडमास्तरांना सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं.

पुढच्या वर्षीच्या नववीसाठी आम्ही शाळेला लेखी निवेदन दिलं आहे. पत्रक एप्रिलमध्ये न काढता जानेवारीत काढावं. त्यात विषय आणि तास असावेत, दुकानाचं नाव नसावं. खरेदी संघामार्फत, एकाच मॉडेलची व्हावी. संघाच्या मालकीची यंत्रं नेहमी काही शिल्लक असावीत, म्हणजे वर्षाच्या मध्ये दाखल झालेल्या मुलालाही मिळेल. हे सगळं व्यवस्थापनाने मान्य केलं. एक मुद्दा राहिला आहे: हमीत न बसणारी मोडतोड झाली, पडद्याला तडा गेला, पाणी सांडलं, तर खर्च कुणी करायचा. शाळा म्हणते पालकांनी. आमचं म्हणणं असं की यंत्र शाळेच्या सक्तीने आलं आहे, तर शाळेत झालेल्या नुकसानाचा निम्मा भार शाळेने उचलावा आणि संघाने त्यासाठी वेगळा निधी ठेवावा. गणेश चवथीच्या सुट्टीनंतरच्या सभेत हा विषय पहिला घेतला जाईल. आतापर्यंत झालेल्या दुरुस्त्यांची बिलं मी जमवली आहेत, ती सभेपुढे ठेवणार आहे.